ऐकू येणे आणि हिशेबात धरणे : इंग्रजी व्यंजनांच्या श्रवणबोधविषयक सिद्धांतांची मराठी भाषकांच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना

द्वितीय भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या उच्चारांविषयी महाराष्ट्रात पुष्कळ बोलले जाते. त्याच्या श्रवणाविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. शाळेत, महाविद्यालयात आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्याचा उच्चार तपासला जातो आणि तो सदोष ठरला की 'मातृभाषेचा परिणाम' एवढे एकच निदान केले जाते. इ. स. २००० पासून महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. त्याच दशकात पुणे व मुंबई येथे वाढलेल्या कॉल सेंटर व्यवसायाने हे निदान प्रशिक्षणवर्गांच्या परिभाषेत पक्के केले. ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ भाषाशास्त्रीय नाही. एका व्यंजनावरून त्याची बुद्धी, त्याचे शिक्षण आणि त्याचे सामाजिक स्थान यांविषयी अनुमाने काढली जातात.

उच्चार बऱ्याच अंशी श्रवणावर अवलंबून असतो, असे अनेक अभ्यासक मानतात, जरी हे तत्त्व सर्वमान्य नाही. तेव्हा मराठी भाषक इंग्रजी व्यंजने नेमकी कशी ऐकतो, हा प्रश्न अगोदर विचारला गेला पाहिजे. या प्रश्नाची उत्तरे देणारे महत्त्वाचे सिद्धांत विसाव्या शतकात मांडले गेले. त्यांतील प्रमुख सिद्धांतांचा परामर्श घेणे, मराठीच्या व्यंजनव्यवस्थेवर ते घासून पाहणे आणि त्यांत कोणती बाजू दुर्लक्षित राहिली आहे ते दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, ध्वनी ऐकू न येणे आणि ऐकू येऊनही तो हिशेबात न धरणे या दोन भिन्न गोष्टी असून, प्रचलित सिद्धांतांनी पहिलीचा सखोल विचार केला, तर दुसरीकडे पुरेसे लक्ष दिले नाही. मराठी वर्गातील पुष्कळशा अडचणी मात्र दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

चाळणीचा दृष्टान्त आणि त्याच्या मर्यादा

परभाषेतील ध्वनी श्रोता आपल्या भाषेच्या स्वनिमांत बसवून ऐकतो, हा विचार रशियन भाषावैज्ञानिक पोलिव्हानोव यांनी १९३१ मध्ये मांडला. त्रुबेत्स्कॉय यांच्या १९३९ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या स्वनिमविज्ञानावरील ग्रंथात त्याला चाळणीचे रूपक मिळाले. मातृभाषेची स्वनिमव्यवस्था ही एक चाळणी असून परकीय बोलणे तिच्यातून गाळूनच श्रोत्यापर्यंत पोहोचते, असा त्याचा आशय आहे. पुढे १९५७ मध्ये रॉबर्ट लाडो यांनी दोन भाषांची व्यवस्था समोरासमोर ठेवून अडचणींचे भाकीत करण्याची व्यतिरेकी विश्लेषणाची पद्धती पुढे आणली. त्याच वर्षी डॉ. अशोक केळकर यांनी 'वर्ड' या नियतकालिकात मराठी भाषकांच्या इंग्रजीचे भाषावैज्ञानिक वर्णन प्रसिद्ध केले. मराठी इंग्रजीकडे हेटाळणीने न पाहता अभ्यासविषय म्हणून पाहण्याचा हा आरंभीचा व मोलाचा प्रयत्न होय.

चाळणीचा दृष्टान्त समजण्यास सोपा असल्यामुळे तो अध्यापक-प्रशिक्षणाच्या पुस्तकांत स्थिरावला. परंतु त्यातून एक गैरसमजही रूढ झाला. चाळणीत अडकलेली वस्तू खाली पोहोचतच नाही. त्यामुळे परभाषेतील भेद श्रोत्याच्या कानापर्यंत येतच नाही, असा अर्थ घेतला गेला. प्रायोगिक संशोधनाने हा अर्थ टिकू दिला नाही. जपानी भाषकांना इंग्रजी 'र' आणि 'ल' यांतील भेद ओळखणे जड जाते, हे गोतो यांनी १९७१ मध्ये दाखविले. मियावाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले. या दोन व्यंजनांत भेद करणारा ध्वनिलहरीतील घटक त्यांनी बोलण्यापासून वेगळा काढून ऐकविला, तेव्हा जपानी श्रोत्यांनी तो अमेरिकी श्रोत्यांइतकाच ओळखला. म्हणजे कान शाबूत होते. तो घटक भाषेचा भाग म्हणून आला की त्याला महत्त्व दिले जात नव्हते, इतकेच.

'त' आणि 'ट' : एक आरसा

या विषयावरील अत्यंत गाजलेला प्रयोग भारतीय भाषांशी संबंधित आहे. कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये इंग्रजी भाषक घरांतील अर्भकांवर जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत हिंदीतील दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' या जोडीचा समावेश होता. सहा ते आठ महिन्यांची बालके हा भेद सहज ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांपर्यंत ही क्षमता बरीच ओसरलेली दिसली. इंग्रजी भाषक प्रौढांना तर हा भेद ओळखणे अवघडच जाते. मराठीतही हा भेद मूलभूत आहे. 'ताक' आणि 'टाक', 'दार' आणि 'डार' यांत गफलत करणारा मराठी बालक आढळणार नाही.

या प्रयोगाचे शास्त्रीय महत्त्व सर्वज्ञात आहे. त्याचा सामाजिक अर्थ मात्र क्वचितच लक्षात घेतला जातो. 'त' व 'ट' एकच ऐकणाऱ्या इंग्रज श्रोत्याला कोणी अशिक्षित म्हणत नाही. इंग्रजीतील दोन ध्वनी एकच ऐकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला मात्र तसे म्हटले जाते. दोन्ही ठिकाणी घडणारी प्रक्रिया एकच आहे. आयुष्याच्या पहिल्या वर्षातच कान आपल्या भाषेसाठी तयार होतो आणि जे भेद तिथे उपयोगी नाहीत त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्यास शिकतो. हे दुर्लक्ष म्हणजे उणीव नसून कौशल्याची दुसरी बाजू आहे.

बेस्ट आणि फ्लेगी यांची प्रारूपे

१९९५ मध्ये या क्षेत्रातील दोन प्रभावी प्रारूपांची सविस्तर मांडणी झाली. कॅथरिन बेस्ट यांच्या समावेशन-प्रारूपानुसार परभाषेतील ध्वनींची जोडी मातृभाषेत कशी सामावली जाते, यावर तिचा श्रवणबोध ठरतो. दोन ध्वनी मातृभाषेच्या दोन वेगळ्या वर्गांत गेले तर भेद उत्तम कळतो. दोन्ही एकाच वर्गात सारख्याच प्रमाणात बसले तर भेद कळत नाही. एकाच वर्गात बसूनही एक चांगला व दुसरा वाईट नमुना वाटला तर तो बऱ्यापैकी कळतो. जे ध्वनी भाषेचे वाटतच नाहीत, ते पुन्हा सहज ओळखता येतात. झुलू भाषेतील चटकारयुक्त व्यंजने इंग्रजी भाषकांना चांगली वेगळी ऐकू येतात, हे बेस्ट व सहकाऱ्यांनी १९८८ मध्येच दाखविले होते.

जेम्स फ्लेगी यांच्या भाषण-अध्ययन-प्रारूपाचा भर वेगळा आहे. नवे ध्वनिवर्ग घडविण्याची क्षमता आयुष्यभर टिकून असते, असे ते मानतात. अडथळा क्षमतेचा नसून समानतेचा असतो. मातृभाषेतील ध्वनीशी मिळताजुळता असलेला परध्वनी त्याच्याच नावावर जमा होतो आणि म्हणून तो अगदी नव्या ध्वनीपेक्षाही शिकण्यास कठीण ठरतो. या प्रारूपाची सुधारित मांडणी फ्लेगी व बोन यांनी २०२१ मध्ये केली.

ही दोन्ही प्रारूपे चाळणीच्या दृष्टान्तापेक्षा पुष्कळच सूक्ष्म आहेत. तथापि त्यांच्या आधारसामग्रीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. फ्लेगी यांच्या अभ्यासांतील एक मोठा गट कॅनडात स्थायिक झालेल्या इटालियन भाषकांचा होता. इंग्रजी त्यांच्या कानांवर रस्त्यात, दुकानात, कामाच्या ठिकाणी पडत होती. बेस्ट यांचे मूळ प्रारूप तर ती भाषा न शिकलेल्या श्रोत्यांविषयी होते. बेस्ट व टायलर यांनी २००७ मध्ये ते शिकणाऱ्यांना लागू केले, तेव्हा त्या भाषेच्या परिसरात राहणारा आणि केवळ वर्गात ती शिकणारा असा फरक त्यांनी स्पष्टपणे केला व आपले विवेचन मुख्यतः पहिल्यापुरते ठेवले. महाराष्ट्रातील बहुसंख्य विद्यार्थी दुसऱ्या गटातील आहेत. त्यांना इंग्रजी प्रथम ऐकू येत नाही. ती प्रथम दिसते.

मराठी कानाची तीन वर्तने

मराठी भाषकाचे इंग्रजी व्यंजनांशी होणारे व्यवहार या पार्श्वभूमीवर तपासले असता ते तीन गटांत विभागता येतात.

पहिला गट वेश बदलून टिकलेल्या भेदांचा आहे. इंग्रजीत 'टीएच' या अक्षरजोडीने लिहिली जाणारी दंत्य घर्षक व्यंजने मराठीत नाहीत. मराठी भाषक त्यांतील अघोष ध्वनीला 'थ' आणि घोष ध्वनीला 'द' मानतो. इंग्रजीतील वर्त्स्य 'टी' व 'डी' यांना तो 'ट' व 'ड' मानतो. परिणामी 'थिन' आणि 'टिन', 'देन' आणि 'डेन' या जोड्या त्याच्या कानात सुरक्षित राहतात. उच्चार इंग्रजाहून वेगळा असेल. भेद मात्र हरवत नाही. फ्रेंच भाषक याच ध्वनींना अनेकदा 'स' व 'झ'कडे ओढतो आणि त्याचे काही भेद पुसले जातात. मराठी भाषकाचे तसे होत नाही, कारण दंत्य आणि मूर्धन्य अशा दोन ओळी त्याच्याजवळ आहेत. बेस्ट यांच्या परिभाषेत हे दोन वर्गांतील समावेशन होय.

इंग्रजी 'झेड'चेही असेच आहे. मराठीत 'ज' हे एक अक्षर दोन ध्वनींसाठी वापरले जाते. 'जग' म्हणजे विश्व यातील 'ज' तालव्य आहे, तर 'जगणे'चे आज्ञार्थी रूप 'जग' यातील 'ज' दंततालव्य आहे. या दुसऱ्या ध्वनीच्या आधाराने मराठी भाषक 'झू' आणि 'ज्यू' यांतील भेद राखतो. येथे एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. मराठी लिपी हा भेद दाखवीत नाही, तरी कोणत्याही मराठी बालकाचा कान तो चुकवीत नाही. मातृभाषेत कान अक्षराच्या आधी तयार झालेला असतो, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण आहे.

दुसरा गट खरोखर लोपलेल्या भेदांचा आहे. दंतोष्ठ्य घर्षक 'व्ही' आणि ओठांचा चंबू करून उच्चारला जाणारा 'डब्ल्यू' ही याची ठळक जोडी. मराठी 'व' या दोहोंच्या मधला आहे. पुढील स्वरानुसार तो कधी दातांकडे, कधी दोन्ही ओठांकडे झुकतो. परंतु या झुकण्याने मराठीत अर्थ बदलत नाही. त्यामुळे पशुवैद्य या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि ओला या अर्थाचा शब्द मराठी कानाला एकच वाटतो. 'मेजर' या शब्दाने लष्करी हुद्दा अभिप्रेत आहे की मोजमाप, हेही याच कारणाने केवळ संदर्भावरून ठरवावे लागते. हे एका वर्गातील समावेशन असून चाळणीचा दृष्टान्त येथे बऱ्याच अंशी लागू पडतो.

तिसरा गट सर्वांत दुर्लक्षित आहे. ज्यांसाठी मराठी कान पूर्णतः सज्ज आहे, तरीही जे हिशेबात धरले जात नाहीत, अशा भेदांचा हा गट होय. त्याची स्वतंत्र चिकित्सा आवश्यक आहे.

महाप्राणाचे कोडे

लिस्कर व अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये 'वर्ड' या नियतकालिकात अकरा भाषांतील शब्दारंभीच्या स्पर्श व्यंजनांची मापने प्रसिद्ध केली. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून घोषत्व सुरू होईपर्यंतचा काळ त्यांनी मोजला. या अकरा भाषांत हिंदीबरोबर मराठीही होती, आणि या दोन भाषांनी त्या मापनाला आव्हानच दिले. मराठीत 'प', 'फ', 'ब', 'भ' अशी चौपदरी व्यवस्था आहे. तीतील 'ब' आणि 'भ' यांचा भेद केवळ या कालमापनाने स्पष्ट होत नाही, हे त्या संशोधकांनी नोंदविले.

याच मापनांत इंग्रजी शब्दारंभीच्या 'पी', 'टी', 'के' या व्यंजनांचा काळ सरासरीने अनुक्रमे ५८, ७० व ८० मिलिसेकंद आढळला. तर 'बी'चा काळ पुष्कळ वेळा जवळजवळ शून्य, म्हणजे १ मिलिसेकंद होता. याचा सरळ अर्थ असा की, इंग्रजी 'पी' व 'बी' यांतील भेद शब्दारंभी मुख्यतः श्वासाचा आहे. 'के'चा उच्चार मराठीतील 'क'पेक्षा 'ख'ला आणि 'टी'चा उच्चार, प्राणत्वाच्या दृष्टीने, 'ट'पेक्षा 'ठ'ला जवळचा आहे. मराठी भाषकाचा कान तर या श्वासासाठी जन्मापासून तयार झालेला असतो. 'कार' आणि 'खार', 'टोक' आणि 'ठोक' यांत तो कधीही चुकत नाही. अशा स्थितीत वरील सिद्धांतांनुसार त्याने इंग्रजी 'कॅट' हा शब्द 'खॅट' असा ऐकला पाहिजे. प्रत्यक्षात तो 'कॅट' असाच ऐकतो, लिहितो आणि बोलतो. येथे मातृभाषेत भेद नाही म्हणून तो ऐकू आला नाही, असे म्हणता येत नाही.

या कोड्याचे एक उत्तर अक्षरात आहे. रोमन 'के' म्हणजे 'क' आणि 'केएच' म्हणजे 'ख' हे समीकरण मराठी मुलाला इंग्रजी कानी पडण्यापूर्वीच शिकविले जाते. भारतीय नावे रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीने ते दृढ केले आहे. स्वतःचे नाव, गावाचे नाव, बसवरील पाटी यांतून मूल हेच शिकते. 'खेड' लिहिताना 'एच' येतो. म्हणून जेथे 'एच' नाही तेथे महाप्राण नाही, असा निष्कर्ष डोळा काढतो आणि कान तो स्वीकारतो.

परंतु केवळ अक्षरावर सर्व भार टाकणे योग्य होणार नाही. 'तिकीट' आणि 'डाक्तर' यांसारखे बोलण्यातून रुळलेले शब्द पाहिले असता दोन गोष्टी दिसतात. एक, इंग्रजी 'टी' नेहमी 'ट'च होतो असे नाही. 'तिकीट' या एकाच शब्दात तो एकदा 'त' आणि एकदा 'ट' झाला आहे. दुसरी, या शब्दांतही श्वास नोंदविला गेलेला नाही. 'थिकीट' असे रूप झालेले नाही. याचे कारण इंग्रजीच्या व्यवस्थेत शोधावे लागते. तेथे हा श्वास स्थानानुसार येतो व जातो. 'एस'नंतरचा 'पी' अल्पप्राणच असतो. दोन्ही भाषा जाणणाऱ्या मध्यस्थांमार्फत जे शब्द आले, ते ध्वनीपेक्षा व्यवस्थेच्या पातळीवर जुळवून आले. बेस्ट व टायलर यांनीही अशा पातळीची दखल घेतली आहे. फ्रेंच 'आर'चा उच्चार इंग्रजी 'आर'हून अगदी वेगळा असूनही इंग्रजी भाषक विद्यार्थी त्या दोहोंना एकच मानतो, हे त्यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथेही अक्षर समान आहे, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

अक्षर असो वा परंपरा, निष्कर्ष एकच निघतो. श्वास ऐकू येत नाही असे नाही. तो मोजायचा नसतो, असे शिकविले गेले आहे. त्याची किंमत मात्र विद्यार्थ्याला मोजावी लागते. मराठी वळणाचा अल्पप्राण 'प' इंग्रज श्रोत्याच्या 'बी'च्या क्षेत्रात जाऊन पडतो आणि 'पिन'चे 'बिन' होण्याचा संभव निर्माण होतो. दोष उच्चाराचा ठरतो. पण त्याचे मूळ 'ख', 'ठ' आणि महाप्राण 'फ' ही स्वतःजवळची साधने वापरण्याची मुभा न मिळण्यात आहे.

डोळ्याने ऐकलेली व्यंजने

अक्षराच्या प्रभावाची आणखी उदाहरणे मराठी लेखनातच विखुरलेली आहेत. 'व्ही' या ध्वनीतील घर्षण मराठी लेखकांनी फार पूर्वी टिपले आणि त्यासाठी 'जेव्हा', 'नव्हे' या शब्दांतील 'व्ह' उपयोगात आणला. 'व्हॅन', 'टीव्ही', 'व्हिसा' हे लेखन त्यातूनच आले. 'डब्ल्यू'साठी मात्र 'वॉर्ड', 'वायर', 'वॉचमन' असा साधा 'व' राहिला. हे लेखन म्हणजे कानाने केलेली सूक्ष्म नोंद होय आणि दुसऱ्या गटातील भेदही अगदीच अप्राप्य नाहीत, याची ती साक्ष आहे. पण 'व्हिस्की', 'व्हेल', 'व्हील' या शब्दांत काय झाले? आजच्या बहुतेक इंग्रजी बोलींत त्यांचा आरंभ 'डब्ल्यू'च्या साध्या उच्चाराने होतो. मराठीत मात्र 'एच' दिसला म्हणून 'व्ह' आला. ज्या चिन्हाने कानाची नोंद जपली, तेच चिन्ह डोळ्याच्या आग्रहाने दुसरीकडे लागले आणि जोडीतील भेद पुन्हा विसकटला.

'प्लंबर' या शब्दातील 'ब' इंग्रजीत उच्चारला जात नाही. तो मराठीत आला तो केवळ लेखनातून. संबंधदर्शक 'ऑव्ह' हा शब्द 'एफ' या अक्षरामुळे 'ऑफ' होतो आणि त्याच उच्चाराच्या दुसऱ्या शब्दात मिसळून जातो. अनेकवचनाचा प्रत्यय घोष व्यंजनानंतर 'झेड'सारखा उच्चारला जातो. पण 'एस' दिसत असल्यामुळे 'डॉग्स' हेच रूप रूढ आहे. यांपैकी एकाही ठिकाणी मराठीची ध्वनिव्यवस्था आड येत नाही. 'मातृभाषेचा परिणाम' हे निदान येथे सपशेल चुकीचे आहे; हा लिखित इंग्रजीचाच परिणाम आहे.

याउलट अक्षरावर कानाने मात केल्याचेही उदाहरण आहे. 'टीएच' ही एकच अक्षरजोडी असूनही मराठी भाषक 'थिन'मध्ये 'थ' आणि 'देन'मध्ये 'द' ठेवतो. शिक्षकांच्या तोंडून हे दोन शब्द पहिल्या दिवसापासून वेगळे ऐकू आले, म्हणून अक्षराची सत्ता येथे चालली नाही. योग्य वेळी ऐकविलेला ध्वनी अक्षरापेक्षा बलवान ठरू शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

अध्यापनाच्या दृष्टीने विचार

भारतीय इंग्रजीच्या अभ्यासात हैदराबाद येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे कार्य महत्त्वाचे आहे. तेथील आर. के. बन्सल यांचा भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवरील अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय बोलणे इतरांना कितपत समजते, हा त्याचा मुख्य प्रश्न होता. त्या काळी तो रास्तच होता. मात्र पुढील अध्यापनात याच प्रश्नाचे वर्चस्व राहिले आणि विद्यार्थी श्रोता म्हणून मागे पडला. भाषाप्रयोगशाळा असल्या तरी त्यांत 'ऐका आणि म्हणा' यातील 'म्हणा' यावरच गुण मिळू लागले.

वस्तुतः श्रवणाचे प्रशिक्षण फलदायी ठरते, याला भक्कम पुरावा आहे. लोगन, लाइव्हली व पिसोनी यांनी १९९१ मध्ये जपानी विद्यार्थ्यांना 'र' व 'ल' असलेले नैसर्गिक शब्द अनेक वक्त्यांच्या आवाजात ऐकविले व प्रत्येक उत्तर बरोबर की चूक ते तत्काळ सांगितले. त्यांच्या श्रवणबोधात सुधारणा झाली. ब्रॅडलो व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखविले की, अशा केवळ श्रवणाच्या प्रशिक्षणाने विद्यार्थ्यांचा उच्चारही सुधारला. उच्चार न शिकविता तो सुधारला, ही बाब उच्चारदोषावरून विद्यार्थ्याला वर्गात उभे करणाऱ्या पद्धतीने गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

कोणते भेद शिकवावेत, याचाही विवेक हवा. जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली आंतरराष्ट्रीय इंग्रजीच्या ध्वनिव्यवस्थेवरील ग्रंथात परस्परसंवादासाठी आवश्यक अशा ध्वनिविशेषांची निवड केली. तीत 'टीएच'चे घर्षक उच्चार अनिवार्य मानलेले नाहीत. शब्दारंभीच्या 'पी', 'टी', 'के' यांचे महाप्राणत्व मात्र आवश्यक मानले आहे. मराठी वर्गातील प्रथा नेमकी उलट आहे. जीभ दातांत धरून 'टीएच' घोटविण्यात वेळ जातो आणि महाप्राण, जो विद्यार्थ्याजवळ आयता आहे, त्याचा उल्लेखही होत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. भारतीय इंग्रजी ही आता स्वतंत्र व प्रतिष्ठित भाषारूप आहे. तेव्हा मराठी विद्यार्थ्याने परक्यांचे भेद का शिकावेत? उच्चारापुरता हा आक्षेप ग्राह्य आहे. अल्पप्राण 'प' वापरून इंग्रजी बोलणे हा दोष मानण्याचे कारण नाही. परंतु बोलण्याचे ध्येय आणि ऐकण्याचे ध्येय एक असण्याची आवश्यकता नाही. आपल्या वळणाने बोलणाऱ्यालाही इतरांचे वळण ऐकून समजावे लागते. ज्याला दोन वळणे ऐकू येतात, त्याच्यापुढे निवड असते. ज्याला एकच माहीत आहे, त्याला निवड नसते. श्रवणप्रशिक्षणाचा आग्रह या निवडीच्या स्वातंत्र्यासाठी आहे, अनुकरणासाठी नाही.

निष्कर्ष

१. परभाषेतील व्यंजनांच्या श्रवणबोधाविषयीचे प्रमुख सिद्धांत मातृभाषेची व्यवस्था आणि परध्वनी यांचा संबंध चांगल्या प्रकारे उलगडतात. मात्र ज्या वर्गात अक्षर ध्वनीच्या आधी पोहोचते, त्या वर्गाचे स्पष्टीकरण त्यांतून पूर्णपणे मिळत नाही.

२. मराठी भाषकाच्या बाबतीत टिकलेले, लोपलेले आणि हिशेबात न धरलेले असे तीन प्रकारचे भेद वेगळे करणे आवश्यक आहे. 'थ–ट' आणि 'झेड–जे' हे पहिल्या, 'व्ही–डब्ल्यू' हा दुसऱ्या, तर महाप्राणत्व व लेखनानुसारी उच्चार हे तिसऱ्या प्रकारात येतात.

३. तिन्हींवर एकच उपाय चालत नाही. पहिल्या प्रकारावर वर्गातील वेळ खर्च करण्याची निकड नाही. दुसऱ्यासाठी अनेक आवाजांतील शब्द ऐकवून, तत्काळ उत्तर तपासून केलेले श्रवणप्रशिक्षण हवे. मोबाइल फोन सर्वत्र पोहोचलेल्या काळात त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज उरलेली नाही. तिसऱ्यासाठी शब्द लिहून दाखविण्यापूर्वी तो ऐकविणे, एवढा साधा क्रमबदल पुष्कळ काम करू शकेल.

४. 'मातृभाषेचा परिणाम' हे सरसकट निदान शास्त्रीयदृष्ट्या अपुरे आणि सामाजिकदृष्ट्या अन्यायकारक आहे. जेथे दोष लिखित इंग्रजीच्या विसंगतीचा आहे, तेथे तो मराठीच्या माथी मारला जातो. आणि जेथे मराठी साहाय्यक ठरू शकते, तेथे तिला वर्गाबाहेर ठेवले जाते.

'त' आणि 'ट', 'क' आणि 'ख', दोन प्रकारचे 'ज' आणि दोन प्रकारचे 'च' सहजपणे वेगळे ओळखणारा कान घेऊन विद्यार्थी इंग्रजीच्या वर्गात येतो. ही त्याची भाषिक संपत्ती आहे. ती ओळखून तिच्या आधारे शिकविणे हे अध्यापकाचे काम असून, त्याची सुरुवात विद्यार्थ्याला बोलते करण्यापूर्वी त्याला ऐकण्याची पुरेशी संधी देण्यापासून झाली पाहिजे.